वणवा धोका दर्जा : गवताळ माळाच्या कडेला राहणाऱ्याने केलेले परीक्षण

मेलबर्नच्या पश्चिमेकडील टार्नीट, ट्रुगनिना आणि वेरिबी या उपनगरांत गेल्या दशकात बरीच मराठी कुटुंबे येऊन राहिली आहेत. त्यांतल्या अनेकांची घरे वस्तीच्या शेवटच्या ओळीत आहेत. मागच्या कुंपणापलीकडे लगेच गवताचा माळ सुरू होतो आणि तो थेट क्षितिजाला टेकतो. आमचे घर असेच आहे. या माळाच्या कडेला राहताना जी एक सरकारी सेवा मी गेले चार उन्हाळे रोज सकाळच्या चहाबरोबर पाहत आलो आहे, तिचे हे परीक्षण आहे. तिचे अधिकृत नाव ‘ऑस्ट्रेलियन फायर डेंजर रेटिंग सिस्टीम’. दिवसाचा वणव्याचा धोका ती एका रंगाने सांगते. येथे मी तिला वणवा धोका दर्जा म्हणेन. ती विनामूल्य आहे, तिच्यासाठी नावनोंदणी लागत नाही, आणि ज्याच्या घरामागे गवत आहे अशा माणसाने ती न वापरणे मला समजू शकत नाही. मात्र ती कशी वापरावी याविषयी आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे, आणि तो दूर व्हावा या तळमळीने मी हे लिहीत आहे.

ही पद्धत १ सप्टेंबर २०२२ पासून साऱ्या देशात एकसारखी लागू झाली. रस्त्याच्या कडेला अर्धवर्तुळाकार फलक दिसतो, त्यावर चार रंगांच्या पाकळ्या आणि एक काटा असतो: मध्यम धोक्याला हिरवा, उच्च धोक्याला पिवळा, अतितीव्र धोक्याला नारिंगी आणि महाविनाशक धोक्याला गडद लाल. हिरव्याच्याही अलीकडे एक पांढरी पट्टी आहे, ती दर्जा देण्याजोगा धोका नाही असे सांगते. २००९ च्या भीषण वणव्यांनंतर आलेल्या जुन्या फलकावर सहा पायऱ्या होत्या. ‘अति उच्च’ आणि ‘तीव्र’ यांत फरक काय आणि त्या फरकाने आपण वेगळे काय करायचे, हे सामान्य माणसाला कधीच नीट उमगले नाही. आता प्रत्येक रंगाला एकच कृती जोडलेली आहे. हिरव्याला नियोजन आणि तयारी, पिवळ्याला कृतीसाठी सज्ज राहणे, नारिंगीला जीवित आणि मालमत्ता वाचवण्यासाठी तत्काळ कृती, आणि लाल दिसला की जीव वाचवायचा तर वणव्याच्या टापूतून निघून जाणे. ही सुधारणा मनापासून स्वागत करावी अशी आहे, कारण घाबरलेल्या माणसाला विशेषणे लागत नाहीत, क्रियापद लागते.

रंगाच्या मागे एक निर्देशांक असतो. त्याने १२ ओलांडले की हिरवा, २४ ला पिवळा, ५० ला नारिंगी आणि १०० ला लाल. तो काढताना जंगल, गवत, झुडपे अशा आठ प्रकारच्या वनस्पतींसाठी वेगवेगळी गणिते वापरली जातात, आणि माझ्या मते या सेवेची खरी थोरवी तेथेच आहे. गवताची आग आणि जंगलाची आग यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे ससा आणि बैल एकाच तराजूत तोलणे आहे.

गवत हवेचे म्हणणे किती लवकर ऐकते, हे हाताने पाहण्याजोगे आहे. जानेवारीतल्या एखाद्या सकाळी सात वाजता कुंपणाबाहेरची वाळलेली काडी तोडून बोटांभोवती गुंडाळावी, ती मऊपणे वळते, तिच्यावर दव असते, बोटांना गारवा लागतो. त्याच जागची काडी दुपारी दोन वाजता वाकवली तर ती कट्‌ आवाज करून मोडते आणि तिचा भुसा तळहातावर राहतो. काडी तीच आहे, बदलली ती हवा. पहाटे १५ अंश तापमानाला सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल आणि हवेत पाण्याची वाफ तेवढीच राहून पारा ३५ अंशांवर गेला, तर आर्द्रता साधारण १८ टक्क्यांवर येते. जाड ओंडक्याला ही बातमी कळायला आठवडे लागतात. गवताच्या काडीला तास-दीड तास पुरतो. उन्हाळ्यात सकाळी सडकून पाऊस पडून गेला असला तरी वारा आणि ऊन लागले की दुपारपर्यंत तेच गवत पेटण्यास तयार असते. सकाळी अंगण ओले होते, मग दुपारी भीती कसली, असे म्हणणारे शेजारी मला दरवर्षी भेटतात, आणि दरवर्षी मी त्यांना दोरीवरचे कपडे दाखवतो. जाड सतरंजी संध्याकाळपर्यंत दमट राहते, मलमलीचा पंचा तासाभरात खडखडीत होतो. गवत हे पंच्यासारखे आहे.

म्हणूनच या सेवेकडे माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची तक्रार अशी की, रंग दिवसाला एक दिला जातो, आणि गवताचा धोका मात्र तासागणिक चढतो-उतरतो. पिवळा दिवस सकाळी आठला पिवळा नसतो. दुपारी तीनला तो कित्येकदा पिवळ्याच्या वरच्या टोकाला असतो. यासाठी सेवेला दोष देण्यापेक्षा तिच्या खालचे आकडे वाचण्याची सवय लावून घेणे हा उपाय आहे. हवामान खात्याच्या तासागणिक अंदाजात तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा हे सारे असते. ज्याने केवळ रंग पाहिला त्याने पत्रिकेवरचे नाव वाचले आणि मुहूर्त वाचलाच नाही.

आता वाऱ्याविषयी. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने १९८६ मध्ये उत्तरेकडील प्रदेशात अ‍ॅनाबुरू येथे मोजून-मापून शंभराहून अधिक गवताच्या आगी लावल्या आणि त्यांच्या नोंदींवरून जे सूत्र बसवले, तेच आज गवताळ भागाच्या दर्जामागे आहे. त्या सूत्रात मी स्वतः आकडे घालून पाहिले आहेत. गवत पूर्ण वाळलेले आणि न चरलेले धरले, तापमान २५ अंश, आर्द्रता ४० टक्के आणि वारा ताशी २० किलोमीटर घेतला, तर आगीचे तोंड ताशी साधारण सव्वातीन किलोमीटर वेगाने सरकते. हा चालणाऱ्या माणसाचा वेग आहे. तापमान ४० अंश, आर्द्रता १० टक्के आणि वारा ताशी ५० किलोमीटर केला की तोच वेग सोळा किलोमीटरच्या पुढे जातो. एवढे पळणे धडधाकट तरुणालाही फार वेळ जमत नाही, मग भारतातून नातवंडे पाहायला आलेल्या आपल्या आई-वडिलांची गोष्टच नको. गुरांनी चरलेले किंवा कापलेले गवत असेल तर वेग काहीसा कमी होतो, ज्वाळा बुटक्या राहतात, आणि हा फरक अग्निशमन दलाला पुरेसा असतो. घराभोवतीचे गवत दहा सेंटिमीटरच्या आत ठेवा, असा जो आग्रह इथले दल धरते त्यामागे हे कारण आहे.

एक बारीक गोष्ट येथेच नोंदवतो. अंदाजातला वारा दहा मीटर उंचीवरचा, दहा मिनिटांची सरासरी काढलेला असतो. आपण परसात उभे राहून अंगाला लागणारा वारा त्याहून कमी वाटतो, आणि मधूनच येणारे झोत त्या सरासरीच्या बरेच वर जातात. अंदाज ४० चा आहे पण वारा तर फारसा नाही, असे कुंपणाआड उभे राहून ठरवू नये.

वाऱ्याच्या वेगापेक्षाही त्याची दिशा अधिक घातक ठरते, आणि दर्जाच्या फलकावर तिचा मागमूस नसतो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातला उन्हाळ्याचा सर्वांत वाईट दिवस ठरलेल्या क्रमाने उलगडतो. सकाळपासून खंडाच्या कोरड्या अंतर्भागातून वायव्येचा तापलेला वारा सुटतो. दुपारी किंवा संध्याकाळी समुद्रावरून थंड हवेची आघाडी येते, वारा काही मिनिटांत नैऋत्येचा होतो आणि पारा धाडकन खाली येतो. शहरातली माणसे या ‘चेंज’ची चातकासारखी वाट पाहतात. माळावर आग पेटलेली असेल तर हाच क्षण सर्वांत भयंकर असतो. वायव्येच्या वाऱ्याने आग आग्नेयेकडे लांबत जाते, तिचे तोंड अरुंद आणि दोन्ही बाजू लांबच लांब असतात. वारा नैऋत्येचा झाला की ईशान्येकडची ती अख्खी बाजू एकदम तोंड बनते. अ‍ॅनाबुरूच्या प्रयोगांतून हेही दिसले होते की अरुंद तोंडाची आग आपल्या पूर्ण वेगाला पोहोचत नाही, रुंद तोंडाची लवकर पोहोचते. वाऱ्याने दिशा बदलली की कित्येक किलोमीटर रुंदीचे तोंड आयतेच तयार मिळते. हवा थंड झाली म्हणजे संकट टळले, हा समज माझ्या मते नव्याने आलेल्या माणसाचा सर्वांत महागडा गैरसमज आहे. पहिल्या उन्हाळ्यात तो माझाही होता.

आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, मेलबर्न ते जिलाँग महामार्गालगत लारा हे गाव आहे. ८ जानेवारी १९६९ रोजी उत्तरेकडून आलेल्या जोरदार तप्त वाऱ्यात गवताची आग तेथे महामार्गावर आली आणि वाहनांतून निघालेले १७ जण त्यात मृत्युमुखी पडले. त्या एका दिवसात व्हिक्टोरिया राज्यात एकूण २३ जण गेले. तेथे घनदाट जंगल नव्हते, डोंगर नव्हता, होता तो सपाट माळ आणि रहदारीचा रस्ता. आपण दर रविवारी जिलाँगला ज्या रस्त्याने जातो तोच हा रस्ता. नारिंगी दिवशी दूरवर धूर दिसला तर त्याच्या दिशेने गाडी घालू नये, वळून मागे यावे, हे मी घरातल्या प्रत्येक चालकाला अनेकदा सांगितले आहे आणि पुढेही सांगत राहीन.

दर्जा काढताना हवामानाइतकेच वजन गवताच्या वाळणीला असते, म्हणजे शेतातले किती टक्के गवत सुकून पिवळे पडले आहे याला. उपग्रहाच्या चित्रांबरोबर गावोगावचे स्वयंसेवक डोळ्यांनी पाहून हा आकडा कळवतात, ही या सेवेतली मला फार आवडलेली गोष्ट आहे. जुन्या काळी हेच गणित पुठ्ठ्याच्या चकतीवर होत असे. अ‍ॅलन मॅकआर्थर या वनाधिकाऱ्याने ती चकती तयार केली होती. एका निवृत्त स्वयंसेवक अग्निशामकाकडे मी ती हातात घेऊन पाहिली आहे: एकमेकांवर बसवलेल्या गोल पट्ट्या, वाळणी, तापमान, आर्द्रता, वारा असे क्रमाने जुळवत जायचे आणि शेवटी खिडकीसारख्या फटीत धोक्याचा आकडा वाचायचा. तिच्या कडा बोटांच्या घामाने काळ्या पडल्या होत्या. त्या चकतीमागच्या सूत्राप्रमाणे ४० अंश, १० टक्के आर्द्रता आणि ५० किलोमीटर वारा या दिवशी पूर्ण वाळलेल्या गवताचा धोका सुमारे १५६ येतो. गवत ८० टक्के वाळलेले असेल तर ५१, आणि निम्मेच वाळलेले असेल तर जेमतेम ५. हवा तीच, पण निम्मा माळ हिरवा असणे केवढे संरक्षण देते, हे या तीन आकड्यांतून कळते. पुढे २०१५ च्या संशोधनाने दाखवले की निम्म्याहून हिरव्या गवतातही आग धरू आणि पसरू शकते, आणि आजच्या गणितात ती दुरुस्ती झाली आहे. हिरवाईवर पूर्वीइतके विसंबून राहता येत नाही.

याच्याशी जोडलेली एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. आपल्याकडे चांगला पाऊस म्हणजे निर्धास्तपणा. येथे वसंतात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरात, पाऊस चांगला झाला की गवत कमरेएवढे वाढते आणि डिसेंबरात तेच सारे वाळून उभे राहते. दुष्काळी वर्षात माळावर जळायलाच थोडे असते. १९७४-७५ च्या हंगामात, मुबलक पावसानंतर, ऑस्ट्रेलियात सुमारे ११ कोटी ७० लाख हेक्टर क्षेत्र जळाले, म्हणजे खंडाचा जवळजवळ १५ टक्के भाग, आणि त्यातले बहुतेक अंतर्भागातले गवताळ प्रदेश होते. यंदा पाऊस छान झाला असे मित्रमंडळींत कोणी म्हणाले की मी मागच्या माळाकडे पाहतो.

दुसरी तक्रार विभागांची. व्हिक्टोरियाचे नऊ हवामान विभाग केलेले आहेत आणि प्रत्येकाला दिवसाचा एक रंग मिळतो. आमचा मध्य विभाग जिलाँगपासून मेलबर्नच्या पूर्वेच्या डोंगरांपर्यंत पसरला आहे. पश्चिमेच्या आमच्या माळावर वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर डँडेनाँगच्या डोंगरावर त्याच्या दुपटीहून अधिक. तेथे उंच निलगिरी, येथे उघडे गवत. या दोहोंना एकच रंग देणे प्रशासनाच्या सोयीचे आहे, कारण त्याच विभागावर संपूर्ण आगबंदीही, म्हणजे उघड्यावर आग पेटवण्यास मनाई, जाहीर करावी लागते, आणि बंदीची सीमा लोकांना कळायला हवी. ती सोय मला मान्य आहे. तरीही गणित मुळात लहान लहान चौकटींवर होत असताना, गवताळ माळाचा स्वतंत्र दर्जा रहिवाशांना सहज दिसेल असा द्यायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

गेल्या उन्हाळ्यातला एक प्रसंग सांगतो. आमच्या मागच्या मोकळ्या भूखंडाचे गवत महिनाभर विनवण्या करूनही मालकाने कापले नव्हते. शेवटी त्याने पाठवलेला कंत्राटदार आला तो भर दुपारी अडीचला, पिवळ्या दर्जाच्या दिवशी, वारा तीसच्या पुढे असताना. या भागातली जमीन ज्वालामुखीच्या काळ्या दगडांनी भरलेली आहे; यंत्राचे पाते दगडावर आपटले की ठिणगी उडते. तिसऱ्या फेरीला ती उडाली. आम्ही दोघा शेजाऱ्यांनी नळी आणि ओली गोणपाटे घेऊन धाव घेतली म्हणून चटईएवढ्या जागेवर निभावले. कंत्राटदाराचे म्हणणे होते की दिवस पिवळा आहे, नारिंगी नाही, आगबंदीही नाही. नियमाच्या दृष्टीने त्याने रंग बरोबर वाचला होता. त्याने तास वाचला नव्हता. हेच काम सकाळी सातला, दव असताना झाले असते तर गोणपाट भिजवण्याची वेळ आली नसती.

माझे बालपण सासवडच्या बाजूला माळरानाच्या कडेला गेले. कुसळी गवताची कुसळे विजारीतून वेचत मोठे झालेल्या कोणालाही वणवा नवा नाही. तीच कुसळी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातही उगवते. आपल्याकडे होळीच्या आगेमागे माळ जळतात, त्याआधी वनखाते जाळरेषा काढते, आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या सूचना मोबाइलवर पाठवते. त्या सूचना लागलेली आग सांगतात. उद्या दुपारी आपल्या माळाची हवा कशी असेल आणि त्या हवेत गवत कसे वागेल, हे काही दिवस आधी साध्या रंगात गावकऱ्याला सांगणारी व्यवस्था पुरंदर आणि बारामतीच्या माळांसाठीही असावी, असे ही सेवा वापरताना मला सतत वाटत राहिले.

पाचपैकी मी या सेवेला चार गुण देतो. एक गुण कापला तो दिवसाला एकच रंग आणि वाऱ्याच्या बदलाची वेळ फलकावर नसणे यासाठी. ती वेळ हवामान खात्याच्या अंदाजात मिळते, आणि नारिंगी दिवशी मी ती आदल्या संध्याकाळीच कागदावर लिहून फ्रिजवर लावतो. तिच्याखाली आर्द्रतेचा नीचांक आणि वाऱ्याचा उच्चांक. कागदपत्रे, औषधे आणि पाण्याच्या बाटल्यांच्या पिशव्या सकाळीच गाडीत जातात, राज्याच्या आपत्कालीन सूचना देणारे व्हिकइमर्जन्सी हे अ‍ॅप चालू ठेवलेले असते.

अशाच एका दिवशी बदलाची वेळ सहाची दिली होती. पावणेसहाच्या सुमारास मी मागच्या खिडकीशी उभा होतो. दिवसभर आग्नेयेकडे वाकलेले गवताचे तुरे क्षणभर सरळ उभे राहिले, मग सारा माळ एकदम ईशान्येकडे झुकला, आणि पाठोपाठ खिडकीची काच हाताला गार लागली. पारा ३९ वरून २५ वर यायला अर्धा तासही लागला नाही. शेजारच्या घरातली मुले आनंदाने अंगणात धावली. आमच्या पिशव्या मात्र रात्री नऊपर्यंत गाडीतच होत्या. वारा पडला आणि आर्द्रता साठच्या वर गेली, तेव्हा आम्ही त्या खाली घेतल्या.